दोघींचं पाणी

त्या दिवशी कामावरचं यंत्र बंद पडलं नसतं तर ती दुपारची घरी आलीच नसती, आणि दुपारची घरी आली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. दाराला किल्ली लावली, जुडगा नेहमीसारखा खुळखुळला, कुलपाने खट् केलं, आणि आतून बोलण्याचा आवाज आला. तिला नवलच वाटलं. या घरात बोलणार कोण? घरात सासूबाई, आणि सासूबाई तर बोलत नसत. म्हणजे मुक्या नव्हत्या; दूध नासलं, गॅस संपत आलाय, नळवाला येऊन गेला, असलं कामापुरतं बोलत, पण बोलणं म्हणतात ते नाही. नणंदेचा फोन असेल, असं म्हणत तिने एक चप्पल काढली आणि डोकावून पाहिलं. सासूबाई कोपऱ्यातल्या वेलीपुढे उभ्या होत्या, हातात पाण्याचं भांडं, आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात वेलीला सांगत होत्या, "पी गं बाई, पी. अशी तोंड पाडून बसू नकोस. माझं काय, आज आहे, उद्या लेकीकडे जाईन. तू पण गेलीस तर त्या पोरीने बोलायचं कुणाशी?" आणि भांड्यातलं पाणी त्यांनी कुंडीत ओतलं, हळूहळू, लहान मुलाला औषध पाजावं तसं.

ती तशीच उभी, एक चप्पल पायात, एक हातात. ती पोरगी म्हणजे आपणच की! चाळिशी उलटलेल्या बाईला पोरगी म्हणणारं कुणी अजून उरलं असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. हे मनात उतरतंय न उतरतंय तोच मागून दुसरा विचार येऊन धडकला, अन् तो जास्त जोरात लागला. यांना किल्ली ऐकू आली नाही. कुलूप ऐकू आलं नाही. मी इथे पाठीमागे उभी आहे आणि यांची मानसुद्धा वळलेली नाही.

आता गंमत बघा, कान तपासणं हाच तिचा धंदा होता. एका दवाखान्यात, जाड भिंतींच्या, बिनखिडकीच्या, कपाटापेक्षा जरा मोठ्या खोलीत ती माणसांना बसवी, कानांवर हेडफोन चढवी, काचेपलीकडे बसून बारीक बारीक आवाज सोडी आणि म्हणे, ऐकू आलं की बटण दाबा. काचेतून तिला माणूस आरपार दिसे. कुणी काहीच ऐकू न येता बटण दाबतात, नापास व्हायची भीती म्हणून. कुणी तिच्याच चेहऱ्याकडे बघून दाबतात. "आमचे बाबा मुद्दाम ऐकत नाहीत हो," म्हणणाऱ्या किती सुनांना तिने समजावलं होतं, की अहो, मुद्दाम नाही, आधी बारीक आवाज जातात, किल्ल्यांचे, पाखरांचे. माणूस बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. मग विचारून विचारून लाज वाटते, आणि माणूस गप्प बसतो. हे सगळं ती झोपेतसुद्धा म्हणून दाखवील. आणि स्वतःच्या घरात स्वतःच्या सासूपुढे इतके दिवस तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहिली, आणि उत्तर आलं नाही की मनाशी म्हणत राहिली, नाहीच आवडत मी यांना. बरं, सासूबाई कोण, तर टायपिंगच्या क्लासच्या बाई! उभं आयुष्य पत्र्याच्या छपराखाली, टाइपरायटरांच्या खडखडाटात गेलेलं. अजूनही बसल्या बसल्या त्यांची बोटं गुडघ्यावर टाइप करत असत. दुसऱ्या कुणाची सासू असती तर तिने बघताक्षणी सांगितलं असतं.

ती पाय न वाजवता मागे सरली, आणि वाजवला असता तरी काय बिघडणार होतं म्हणा, दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसली. पायरी गार होती. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी कपडे धुण्याचं यंत्र गदगदत होतं. नवरा घर सोडून गेला त्या दिवशीही ती इथेच बसली होती, कारण आत बसवेना आणि खाली जाऊन निरोप देणं काही तिच्याच्याने झालं नसतं. त्याचे ते माणसाच्या छातीइतके उंच दोन स्पीकर हमाल एकेक करून उतरवत होते आणि तो मागून सांगत होता, सांभाळून रे, सांभाळून. इतक्या मायेने तो या घरात दुसऱ्या कशाबद्दल बोललेला तिला आठवेना. दुसरं शहर, दुसरी बाई, नवं बिऱ्हाड, सगळं ठरवून, गोड बोलून गेला. स्पीकर नेले, आई ठेवली. "आईचं बघू नंतर," म्हणाला, आणि ते नंतर अजून यायचंय. कोपऱ्यात फरशीवर दोन फिकट चौकोन उरले. केर काढताना ते रोज दिसत आणि रोज ती त्यांच्या कडेकडेने केरसुणी फिरवी. शेवटी एका संध्याकाळी ती तडक रोपवाटिकेत गेली आणि ही वेल घेऊन आली. कुठल्याशा दमट जंगलात मोठमोठ्या खोडांना मिठ्या मारत वर चढणारी ती वेल, इथे कुंडीत गुडघाभर उंचीची, अखंड हिरव्या पानांची. विकणारा म्हणाला होता, आधार द्या, चढू द्या, मग पानं मोठी होतात आणि त्यांना आपोआप चिरा पडतात, खिडक्या पडतात. तिने कुंडी त्या चौकोनांवर ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "घरात जंगल कशाला?" बस, एवढंच म्हणाल्या. पण ते वाक्य तिने असं घट्ट धरून ठेवलं की त्यानंतर सासूबाई वेलीजवळून नुसत्या गेल्या तरी तिच्या कपाळावर आठी चढे.

खरी भीती वेलीची नव्हतीच. सासूबाई मनातून म्हणत असतील, माझा सोन्यासारखा मुलगा हिने घालवला; हिला धरून ठेवता आला नाही; ही भीती होती. त्या एका खोलीत, ती दुसऱ्या खोलीत, आणि मधल्या भिंतीत ती न बोललेली वाक्यं. आता या गार पायरीवर तिला पहिल्यांदाच सुचलं की भिंतीला पलीकडची बाजूही असते. सासूबाईंना वाटत असेल, ही मनातून म्हणते, असला मुलगा वाढवलात तुम्ही. म्हणजे दोघी एकमेकींपुढे गुन्हेगारासारख्या मान खाली घालून वावरत होत्या, आणि ज्याने गुन्हा केला तो तिकडे खुशाल गाणी ऐकत बसला होता! तिला असा संताप आला, असा संताप आला, की ती उठून उभीच राहिली. आणि उभं राहताना तिला पाण्याचं लक्षात आलं. वेलीला पाणी ती स्वतः सकाळी घालत होती, कामावर निघायच्या आधी, रोज. पानं पिवळी पडू लागली तेव्हा तिला वाटलं तहान लागली असेल, म्हणून तिने पाणी वाढवलं. तरी पिवळी पडली. कुंडीवर बारीक चिलटं फिरू लागली. सकाळी आपण, दुपारी या. आपण वाढवलं, यांनीही वाढवलं असणार. "अगं बाई," ती जिन्यातच मोठ्याने म्हणाली, "दोघींनी मिळून बुडवली की तिला."

तिने बेल दाबली. बेलचा आवाज जाडा होता, तो सासूबाईंना ऐकू येई. हेही तिला आज कळलं.

"आज लवकर?"

"यंत्र बिघडलं," ती नेहमीसारखी म्हणाली, आणि सासूबाईंनी मान हलवली, नेहमीची, कुठल्याही वाक्याला चालेल अशी मान. त्या मानेचा अर्थ तिला आज पहिल्यांदा कळला. ती पुढे झाली, त्यांच्या समोर उजेडात उभी राहिली आणि पेशंटशी बोलायचा ठेवणीतला आवाज काढून म्हणाली, "आई, वेलीला पाणी तुम्ही घालता?"

"मी? छे गं. मी कशाला हात लावू तुझ्या झाडाला?"

"मीही घालते. रोज."

"काय घालतेस?"

"पाणी! रोज सकाळी!"

सासूबाईंनी वेलीकडे पाहिलं, मग मोरीजवळ पालथं घातलेल्या भांड्याकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यावर माणूस बघतो तसंच. "अगं, मग मला सांगायचंस ना."

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

"मला वाटलं तू विसरतेस. एवढं सगळं झालेलं, त्यात झाड कुठलं लक्षात राहायला. बोलून दाखवलं तर म्हणशील, म्हातारी टोमणे मारते. म्हटलं, गुपचूप घालावं."

आधी सासूबाईंना हसू फुटलं, फस्सकन, तोंडावर पदर धरेपर्यंत निसटलंच, मग तिला. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि ते पुसायचं तिला भान राहिलं नाही. या घरात स्पीकर गेल्यानंतरचा तो पहिला मोठा आवाज होता.

मग जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि कुंडी आडवी केली. मातीचा गोळा बाहेर आला तो घाण वास घेऊनच. मुळं काळी, बुळबुळीत. बोटांनी धरलं की साल हातात आणि आत नुसता दोरा. ती एकेक मूळ काढत गेली आणि प्रत्येक मुळाबरोबर वेल आखूड होत गेली, इतकी की शेवटी हातात उरला तो खोडाचा एक तुकडा, वर एक धड पान आणि पेराशी बोटाएवढी एक तपकिरी मुळी. ही मुळी हवेतच फुटली होती. दिसायला वेडीविद्री म्हणून मागे एकदा तिने ती छाटायला घेतली होती, कात्रीच सापडली नाही म्हणून राहिली. माती नाही, पाणी नाही, नुसता कशाचा तरी आधार शोधत ती बाहेर निघाली होती, आणि आता सगळा जीव तिच्यावरच होता. तिने सुरी स्पिरिटने पुसली, पेराच्या खाली धरली, आणि तिचा हात थांबला. चुकलं तर संपलंच. "काप," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी खोड दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. "बोटं घट्ट, मनगट सैल. बघू नकोस माझ्याकडे, काप." तिने कापलं. तो तुकडा काचेच्या बरणीत, पाण्यात उभा राहिला, आणि तिथेच ठरलं की यापुढे पाण्याचं काहीही करायचं तर दोघी समोर असल्याशिवाय करायचं नाही.

बरणीतल्या तुकड्याला काहीच फुटत नव्हतं तेव्हाच नणंदेचा फोन आला. खोली रंगवून झाली की आईला न्यायला येते. ती फोन हातात धरून "हो, हो" म्हणत होती, आणि आत कुणीतरी नाही, नाही म्हणत होतं, ते कोण हे तिला आधी कळेना. एकटं राहायला ती भीत नव्हती. एकटी तर ती नवरा असतानाही होतीच. पण कुणीतरी दुपारी, आपल्या पाठीमागे, आपण मुकी होऊ नये म्हणून एका झाडाची मनधरणी करतं, हे कळल्यावर त्या माणसाला जाऊ कसं द्यायचं? आणि राहा म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने? मुलगा नाही, नातवंड नाही. ज्याच्यामुळे नातं, तो दुवाच निसटलेला. पोटची लेक न्यायला येते आहे आणि सून म्हणणार, मला हव्या आहात! सासूबाई मान हलवतील, ती कशालाही चालणारी मान, आणि मग उभ्या जन्मात कळणार नाही की त्यांनी ऐकलं की नाही.

यंत्र दुरुस्त झालं तशी ती सासूबाईंना कान तपासायला घेऊन गेली. "मला चांगलं ऐकू येतं," सासूबाई दवाखान्याच्या दारातच म्हणाल्या. "हल्ली तुम्ही लोकच तोंडात बोलता." पण आल्या. त्या छोट्या खोलीत त्यांना खुर्चीत बसवून, हेडफोन चढवून ती काचेपलीकडे आली. सासूबाईंनी बटण असं हातात धरलं होतं जणू समोर परीक्षक बसलाय. तिने आवाज सोडला नाही तरी त्यांनी दाबलं. "आई, ऐकू आलं तरच दाबायचं." "आलं म्हणूनच दाबलं." कागदावर रेघ सरळ निघाली आणि मधेच घसरगुंडीवरून गेल्यासारखी खाली आली. अशा रेघा तिने खंडीभर पाहिल्या होत्या. ही पाहून तिला पहिल्यांदाच रडू आलं. म्हणजे आपण इतके दिवस जे हळू आवाजात, अदबीने म्हणत होतो, जेवलात का, थंडी आहे, शाल घ्या, ते सगळं या रेघेच्या पलीकडे सांडत होतं. मग शब्दांची तपासणी. "मी म्हणेन ते तसंच म्हणायचं, आई." तिने आवाज वाढवला, यंत्राच्या बारीक सुरांना जोर दिला. "सावली." "सावली." "पुस्तक." "पुस्तक." सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते, आणि प्रत्येक शब्दाला त्यांची बोटं गुडघ्यावर हलत होती, त्या टाइप करत होत्या. भिंती जाड. बाहेरचं कुणी ऐकणार नव्हतं. यादीतले शब्द संपले आणि माइक चालूच होता. ती म्हणाली, "आई, तुम्ही लेकीकडे जाऊ नका."

"आई, तुम्ही लेकीकडे जाऊ नका," सासूबाईंनी म्हटलं, त्याच परीक्षेच्या सुरात.

"मला तुम्ही हव्या आहात."

बोटं गुडघ्यावर थांबली. मग काचेपलीकडून, छोट्या स्पीकरमधून, सासूबाईंचा आवाज आला, "मला तुम्ही हव्या आहात." डोळे मिटलेलेच. तिने दिलेलंच वाक्य परत आलं होतं, तरी ते कानात पडताच ती खुर्चीला घट्ट धरून बसली. असं कुणी तिला म्हटल्याला युगं लोटली होती. "पुढचं?" सासूबाईंनी विचारलं. पुढचं काय असणार? "झालं, आई. संपलं," ती म्हणाली, आणि घरी येईपर्यंत दोघींपैकी कुणीच त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

कानातली यंत्रं बसली आणि घरात निराळाच तमाशा सुरू झाला. "हे काय घुरघुरतंय?" फ्रिज. "हे कोण कुरकुरतंय?" वर्तमानपत्र. "तू एवढे पाय घासत चालतेस? आणि मला कुणी सांगितलं नाही!" सासूबाई दिवसभर घराला नावं ठेवत होत्या आणि ती हरखून ऐकत होती. त्यांच्या बोटांकडे बघून तिने एकदा विचारलंच, "काय टाइप करता हो सारखं?" "शिव्या," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याला. तोंडाने देववत नाहीत, पोटचा आहे." त्याच आठवड्यात बरणीत त्या तपकिरी मुळीच्या टोकाला पांढरं काहीतरी दिसलं. तिला वाटलं बुरशी. सासूबाईंनी चष्मा लावून, बरणी खिडकीशी धरून निकाल दिला, "मूळ आहे. मूळच आहे!" आणि त्या वयात, कमरेला पट्टा असताना, त्यांनी जागच्या जागी एक उडी मारली. मग भुसभुशीत माती आली, कोळशाचे तुकडे आले, काथ्या गुंडाळलेला उंच खांब आला. वेल बांधायला सासूबाईंनी ट्रंकेतून टाइपरायटरची जुनी, शाई वाळून गेलेली रिबन काढली. मऊ असते, म्हणाल्या, खोडाला काचत नाही. पहिलं नवं पान आलं ते साधंच, अखंड. पण मुळी खांबात शिरली होती, घट्ट, उपटून निघणार नाही अशी. पुढच्या पानाची सुरळी वर आली तेव्हा दोघी चहाचे कप घेऊन तिच्यापुढे बसत आणि ती कुठवर उलगडली यावर भांडत. लेकीकडे जायचं की नाही, हे मात्र सासूबाई बोलल्या नाहीत, आणि तिने विचारलं नाही. रोज सकाळी ती त्यांच्या पलंगाखाली बॅग दिसते का ते चोरून बघे.

नणंद आली ती घाईतच, खाली गाडी उभी करून. आईला कमी ऐकू येतं हे ठाऊक नसलं तरी म्हाताऱ्यांशी ओरडून बोलायची तिला सवयच होती. "आई! चल! झाली का तयारी?"

"ओरडतेस कशाला? ऐकू येतंय," सासूबाई म्हणाल्या. "आणि मी येत नाही."

नणंदेने पर्स टेबलावर ठेवली. "म्हणजे? अगं, खोली रंगवली तुझी. आणि दादा गेला, आता तुझं इथे आहे कोण?"

"तो गेला. मी नाही गेले."

नणंद तिच्याकडे वळली. "वहिनी, तू काही बोललीस का हिला?"

सासूबाईंनीच उत्तर दिलं. "बोलली तर. पेटीत बसवून, कानाला भोंगे लावून बोलली. आई, तुम्ही लेकीकडे जाऊ नका, मला तुम्ही हव्या आहात. मी म्हणून दाखवलं तिथल्या तिथे, तरी हिला वाटलं मी नुसती पोपटपंची केली." मग तिच्याकडे बघून, वर्गातल्या कच्च्या मुलीला सांगावं तशा, "अगं, परीक्षेत प्रश्न नीट ऐकून घ्यायचा, मग सावकाश उत्तर लिहायचं. तुझं सगळं घाईचं. दुसरं वाक्य म्हटलं ते मी माझंच म्हटलं होतं."

नणंद रुसली, थोडं रडली, चहा घेतला, आणि शेवटी विचारलं, "मग त्या खोलीचं काय करू मी?" "झाड ठेव," सासूबाई म्हणाल्या. "बुडवू मात्र नकोस." गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला जाऊन वळेपर्यंत सासूबाई खिडकीत उभ्या होत्या, आणि तो आवाज शेवटपर्यंत ऐकू आला याचा त्यांना केवढा अभिमान!

ती कोपऱ्यात गेली. सुरळी सकाळपासून सुटत आली होती, आता पान पुरतं उघडलं होतं. कोवळं, पोपटी, अजून दमट, तिच्या पंज्याहून मोठं, आणि कडेपासून आत दोन्ही अंगांना चिरा गेलेल्या, कात्रीने बेतून कापाव्यात तशा. कुणीही कापल्या नव्हत्या. चढायला मिळालं म्हणून पान स्वतःहून असं आलं होतं. चिरांतून पलीकडची भिंत दिसत होती. खालचे ते फिकट चौकोन कुठे होते हे तिने शोधून पाहिलं, तर कुंडीखाली, खांबाच्या सावलीत, त्यांचा पत्ताच लागेना. तिला मोठ्याने गावंसं वाटलं, आणि गाता येत नसल्यामुळे ती नुसतीच जोरात म्हणाली, "आई! आलं! चिरलेलं पान आलं!"

"ऐकू येतंय गं बाई, ऐकू येतंय," म्हणत सासूबाई आल्या. बराच वेळ पानापुढे उभ्या राहिल्या. मग पाण्याचं भांडं उचलून त्यांनी विचारलं, "आज कुणी घालायचं?"

तिने मातीत बोट खुपसलं. सासूबाईंनी शेजारी स्वतःचंही खुपसलं. आत ओल होती, हवी तेवढी.

"आज कुणीच नाही," ती म्हणाली, आणि दोघींनी मातीची बोटं एकाच फडक्याला पुसली.